मक्याला रजाई

सगळ्यात आधी एक नाव लिहिते. फूलमती. आडनाव विचारायचं राहून गेलं. लखनौच्या तेलीबाग भागात भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत तिची भट्टी आहे आणि तिथं तिला सगळे भुजवाइन म्हणतात, म्हणजे दाणे भाजून देणारी. लखनौला जाऊन शोभानं मशीन चालू केलं असं आमच्या कुपवाडात सगळे म्हणतात, आमच्या मालकांनी, आण्णांनी, तर पेढे वाटले. पण ज्या दिवशी हे नाव घ्यायला हवं होतं त्या दिवशी माझ्या तोंडून ते निघालं नाही. म्हणून इथं पहिल्याच ओळीत घेतलं.

निघण्याआधी

शोभा म्हणजे मी. सांगलीजवळ कुपवाडला एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे मालकांचं, पण चौदा वर्षं झाली, आता आमचंच म्हणते. आम्ही मक्याच्या कुरकुरीत कांड्यांची मशीनं बनवतो. टपरीवर माळा करून पाकिटं लटकवलेली असतात ना, त्यातल्या त्या वाकड्यातिकड्या मसाल्याच्या कांड्या. मी आठवीनंतर शाळा सोडली. धाकटी तीन भावंडं होती आणि आई कामाला जायची, एवढंच. ती मार्गी लागल्यावर वर्कशॉपमध्ये झाडलोट करायला लागले आणि सरकत सरकत ट्रायलवर पोचले. मशीन गिऱ्हाइकाकडे धाडायच्या आधी त्यात मका घालून चालवून बघायचं, त्याला ट्रायल म्हणतात.

लोकांना वाटतं कांडीची सगळी करामत मसाल्यात आहे. तसं नाही. मक्याची जाडसर भरड जराशी ओलवायची आणि मशीनमध्ये सोडायची. आत एक जाड स्क्रू ती पुढं रेटतो. पुढं दोन पितळी तबकड्या, एक स्थिर, एक गरगर फिरणारी, मध्ये जेमतेम फट. त्या फटीत भरड रगडली जाते आणि नुसत्या रगडण्यानं इतकी तापते की शिजून निघते. खाली जाळ नाही, गॅस नाही, काही नाही. दाण्यातलं पाणी आत कोंडलेलं असतं, बाहेर पडताक्षणी त्याची वाफ होते आणि दाणा फुलतो. चिमूटभर भरडीची बोटाएवढी कांडी! पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातला झाडू तसाच राहिला होता माझ्या. आजही ट्रायलला पहिली कांडी फुलून पडली की मला बरं वाटतं.

तर लखनौला आमचं एक मशीन गेलं होतं आणि ते नीट चालत नव्हतं. आमच्या इंजिनियरांच्या, चौगुले साहेबांच्या घरी बहिणीचं लग्न. आण्णा मला म्हणाले, “शोभा, तू जा.”

“एकटी?”

“मग काय वरात देऊ बरोबर? मशीन काय म्हणतंय ते तुला कानानं कळतं. चौगुलेला मीटर लागतो.”

चौगुले साहेब दारातच उभे होते. म्हणाले, “आण्णा, आठवी पास बाई पाठवताय. तिकडचे लोक काय म्हणतील?” मला ऐकू जावं एवढ्या आवाजात म्हणाले.

आण्णांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, “हे बघ, चाललं तर इथून पुढची मशीनं बसवायला तूच जाशील. नाही चाललं तर ते लोक मशीन परत धाडणार, आणि मग ट्रायलवर मला डिप्लोमावाला घ्यावा लागेल. मी तरी काय बोलणार?”

एवढं ऐकून निघाले. गाडीत तिकीट किती वेळा चाचपून बघितलं ते विचारू नका. समोरच्या बर्थवरची बाई शेवटी म्हणाली, “बहनजी, टिकट कहीं नहीं भागेगा.”

तेलीबाग

धुक्यामुळं गाडी इतकी उशिरा पोचली की घरून आणलेल्या भाकरी संपून दशम्यांवर हात गेला होता. शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी फुटून माझा एकुलता एक स्वेटर लाल झाला होता. आमच्याकडं जानेवारीत सकाळी जरा गार असतं म्हणून तो घेतलेला. लखनौच्या थंडीपुढं तो म्हणजे रुमाल. श्वास घेतला की नाकात सुया टोचत होत्या.

आण्णांच्या ओळखीतले ठवरे तेलीबागेत राहतात. ते बँकेत आहेत, मूळचे वर्ध्याचे. त्यांच्या बायको कल्पनाताईंनी दार उघडून मला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, “अगं बाप्पा, ही तर कुल्फी झाली! रिद्धी, तुझं जॅकेट दे मावशीला.”

त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आतून म्हणाली, “मम्मी, कौन सा वाला?” या घरात असंच चालतं. आई मराठीत विचारते, मुलगी हिंदीत उत्तर देते आणि दोघींना त्यात काही खटकत नाही. कल्पनाताईंच्या स्वतःच्या मराठीतही भैया, सब्जी, अच्छा मधेच उड्या मारतात. मला आधी हसू आलं. चौथ्या दिवशी मीच “अच्छा, मी निघते” म्हणाले आणि रिद्धीनं टाळ्या वाजवल्या.

जेवायला ताहरी होती. मटार, बटाटा, फ्लॉवर घातलेला पिवळा भात. आपल्या मसालेभाताची बहीण म्हणा, पण गोडा मसाला नाही आणि वरून तुपाचा हात सढळ. मी माझी फुटकी चटणी काढली. ठवरे काका तीन वेळा वाढून घेऊन म्हणाले, “स्वेटर पिळला तर अजून निघेल का हो?”

कारखाना

कारखाना रायबरेली रोडनं शहराबाहेर. मॅनेजर त्रिपाठीजी, उंच, मफलर गुंडाळलेले, अतिशय सभ्य. चहा दिला, बसायला लावलं, मग म्हणाले, “इंजीनियर साहब कब तक आएँगे?”

मी म्हटलं, “हमीच आयी है.”

ते एवढे सभ्य की हसलेही नाहीत. नुसता कप खाली ठेवला.

मशीन चालवणारा इरफान माझ्याच वयाचा, चाळिशीला टेकलेला. त्यानं मशीन सुरू केलं आणि मी कान दिला. चांगल्या चालत्या मशीनचा आवाज एका सुरात असतो, तापल्या कढईत राजगिरा फुटल्यासारखा. इथं आवाज चढत होता, पडत होता. करंटचा काटाही तसाच वर-खाली. कांड्या बघितल्या तर एक मूठ फुललेली, हलकी, पुढची मूठ खड्यासारखी टणक.

आता यात एवढं काय बिघडलं असं तुम्हाला वाटेल. सांगते. पुढं पाकीट भरणारं मशीन वजनानं भरतं. कांड्या टणक आल्या तर वजन लगेच होतं आणि पाकीट अर्धं रिकामं दिसतं, गिऱ्हाईक म्हणतं फसवलं. जास्त फुलल्या तर त्याच वजनाच्या कांड्या पाकिटात मावत नाहीत, तोंडाशी येतात, सील मारणाऱ्या जबड्यात एखादी चिरडते आणि तिथून हवा शिरते. वजनही बसलं पाहिजे आणि आकारमानही. आणि पाकिटातल्या हवेला जे नावं ठेवतात ना, त्यांना सांगा, ती साधी हवा नाही, नायट्रोजन आहे. साध्या हवेत तेल खवट होतं. शिवाय तीच गादी नसती तर ट्रकच्या प्रवासात कांड्यांचा भुगा झाला असता. पाकीट फोडून फेकून देण्यात आपल्याला दोन मिनिटं लागतात. त्याच्यामागं किती माणसांनी डोकं घातलेलं असतं!

पहिल्या दिवशी मी तबकड्यांवर संशय घेतला. इरफान म्हणाला, “दीदी, प्लेट नई है.” मी ऐकलं नाही. सगळं खोललं, नव्या बसवल्या. आवाज तोच. दुसऱ्या दिवशी स्क्रू, तिसऱ्या दिवशी विजेचा दाब. तोच चढ, तोच उतार.

भरडीवर मात्र मी संशय घेतला नाही, कारण भरड मी स्वतःच्या हातानं ओलवत होते. पाणी मोजून, पाऊण तास मुरवून, मग मुठीची परीक्षा. मूठ दाबली की लाडू व्हावा, अंगठा टेकवला की फुटावा. कुपवाडात माझ्या मुठीवर पैज लावतात. त्रिपाठीजींनी मीटरवर ओल मोजली तीही बरोबर आली. मग भरडीत चूक असेल कशी?

शनिवारी त्रिपाठीजी म्हणाले, “शोभाजी, आपने बहुत मेहनत की. मंगलवार को आठ घंटे लगातार चला दीजिए, माल एक-सा निकले, हम दस्तख़त कर देंगे. नहीं तो बुधवार को ट्रक बुलवा लेते हैं. बुरा मत मानिएगा.”

फोनवर चौगुले साहेब म्हणाले, “वर्कशॉपच्या बाहेर पडलं की कळतं.” मागं लग्नाची सनई वाजत होती.

रविवार

मला घरी बसवेना, म्हणून कल्पनाताई सकाळी मला जुन्या लखनौतल्या चौक बाजारात मलाई मक्खन खायला घेऊन गेल्या. दूध घुसळून केलेला फेस, वर केशर, पिस्ता. द्रोणात डोंगराएवढा दिसतो आणि जिभेवर ठेवला की नाहीसाच होतो. विकणारे म्हातारे सांगत होते की हे फक्त थंडीतच होतं, ऊन चढलं की बसतं, उन्हाळ्यात कुणी लाख रुपये दिले तरी होणार नाही. मला त्यांच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. हवा पकडून ठेवायची आणि ती माणसाच्या तोंडात सोडायची, आमचाही धंदा हाच की! पण त्यांची हवा टिकत होती आणि माझी नाही.

दुपारी कल्पनाताई म्हणाल्या, “चल, भट्टीवर जाऊ. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, लाह्या करून आणायच्या.” त्यांनी सकाळीच मक्याचे दाणे पाण्याचा हात लावून पिशवीत भरले होते. रिद्धीही बरोबर निघाली.

गल्लीत जमिनीसरशी भट्टी, वर काळी कढई, कढईत तापलेली वाळू. समोर उकिडवी बसलेली फूलमती, साठीची असेल, डोक्यावर शाल, हातात लांब कलथा. एका हातानं भट्टीत वाळका पाला सारत होती. लोक टोपल्या घेऊन रांगेत. धूर सगळ्यांच्या डोळ्यांत, पण तक्रार कुणाची नाही.

आमची पाळी आली. तिनं पिशवीत हात घातला, एक दाणा दाताखाली फोडला, थुंकला आणि पिशवी परत दिली.

“हम न भूँजेंगे.”

कल्पनाताई म्हणाल्या, “अरे अम्मा, क्यों? पानी लगाके लाई हूँ ना.”

“पानी लगाया है, पिलाया कहाँ है? सबेरे का भीगा होगा. ऊपर-ऊपर गीला, भीतर सूखा पड़ा है. अभी डालूँ तो आधा खिलेगा, आधा कंकड़ रहेगा. फिर कहोगी भुजवाइन ने बिगाड़ दिया.”

आधा खिलेगा, आधा कंकड़. माझ्या अंगावर काटा आला, थंडीचा नव्हे.

मी पुढं होऊन विचारलं, “अम्मा, कितना टाइम लगता है पीने को?”

तिनं मला खालून वर बघितलं. “गरमी में घड़ी भर. जाड़े में दाना भी रजाई माँगता है, बिटिया. रात भर बोरे में दबाके रखो, भट्टी के पास. तुम कहाँ की हो? तुम्हारे यहाँ जाड़ा नहीं पड़ता?”

“नहीं पड़ता,” मी म्हटलं.

“तभी,” ती म्हणाली आणि मागं वळून दाखवलं. भट्टीच्या भिंतीला टेकून चार पोती, त्यांच्यावर खरोखरच एक जुनी गोधडी. रांगेतला एक माणूस म्हणाला, “बुआ, हमें भी उसी में सुला दो.” ती कलथा उगारून म्हणाली, “तुम तो भुन चुके हो, चलो आगे बढ़ो.”

मी तिच्या पोत्यातला एक दाणा मागितला, आमच्या पिशवीतलाही एक. रिद्धीच्या पर्समधल्या नखं कापायच्या कात्रीनं तिथंच दोन्ही चिरले. आमचा आतून खडूसारखा पांढरा, कोरडा. तिचा आरपार एका रंगाचा.

आठ तास

सोमवारी कारखान्यात जाऊन पहिल्यांदा भरडीचा कण ब्लेडनं चिरला. तोच पांढरा खडू. मीटर खोटं बोलत नव्हता, माझी मूठही नाही. पाणी पुरेसं होतं, पण ते दाण्याच्या अंगावर बसलं होतं, आत गेलं नव्हतं. कुपवाडच्या उकाड्यात पाऊण तासात आत जातं. इथं भरडच बर्फासारखी गार, ती कुठली पिणार? मग मशीनमध्ये एखादा कण फुलायचा, शेजारचा तसाच खडा राहायचा, आणि स्क्रू एकदा घसरायचा, एकदा अडायचा. इतकी वर्षं ज्या परीक्षेचा अभिमान बाळगला ती परीक्षा फक्त आमच्या गावच्या हवेची होती.

मी पाणी कोमट केलं, भरड ओलवली, पिंपांत स्वच्छ प्लॅस्टिक लावून भरली आणि कांड्या वाळवायच्या भट्टीच्या उबदार भिंतीशी ओळीनं लावली. वर नवं कोरं ताडपत्रीचं पांघरूण. त्रिपाठीजी बघायला आले. इरफान गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “सर, धीरे बोलिए, मक्का सो रहा है.”

“और कल अगर न चला?” त्रिपाठीजींनी मला विचारलं.

“तो ट्रकमें मैं बी बैठके जाऊंगी,” मी म्हटलं. हसत म्हटलं आणि पिंपांवरचं पांघरूण पुन्हा एकदा नीट केलं.

मंगळवारी सकाळी एक कण चिरला. आरपार एकच रंग. मग एक माझ्यासाठी आणि एक इरफानच्या समाधानासाठी चिरला. मशीन सुरू केलं. पहिली काही मिनिटं ते खोकलं, तेवढं सगळीच मशीनं खोकतात. आणि मग सूर लागला. काटा एका जागी उभा. कांड्या पडू लागल्या, एकीसारखी दुसरी, हलक्या, दाबल्या की कुर्र. मी डोळे मिटून ऐकत उभी राहिले. इरफानला वाटलं मला चक्कर आली, त्यानं स्टूल आणलं. मी बसले नाही. दुपारचं जेवण कल्पनाताईंनी दिलेल्या डब्यातून उभ्यानंच, मटारची चटणीसारखी वाटून केलेली भाजी आणि पोळी. आठ तासांत एकदाही सूर मोडला नाही. पुढं पाकिटं पडत होती, सगळी एका अंगाची, गालफुगी, सील सरळ. मी त्यातलं एक कानाशी धरून हलवलं. आत कांड्या मोकळ्या वाजल्या. माझ्या आठवीच्या दाखल्यावर एवढा सुंदर शिक्का कधी बसला नव्हता.

त्रिपाठीजींनी कागदावर सही केली. मग म्हणाले, “शोभाजी, हमारे यहाँ तीन इंजीनियर देख गए. आपको कैसे सूझा?”

आणि मी म्हणाले, “अनुभव से.”

असं का बोलले? वाटलं, गल्लीतल्या भट्टीवर कळलं असं सांगितलं तर ही सही पुसतील. वाटलं, फोन चौगुले साहेबांपर्यंत जाईल आणि ते म्हणतील, बघा, भडभुंज्याला विचारून आली. इरफान टाळ्या वाजवत होता. मी हात जोडले. छान वाटत होतं, खोटं कशाला सांगू, आणि त्याच वेळी तो एक शब्द टणक कांडीसारखा दाताखाली येत होता.

पुन्हा गल्लीत

दुसऱ्या दिवशी आधी कारखान्यात गेले. नव्या सूचनांचा कागद मी हिंदीत लिहून द्यायचा होता: थंडीत भरड रात्रभर मुरवणे, उबेला ठेवणे, कण चिरून बघणे. खाली हिंदीतच लिहिलं की ही रीत तेलीबागच्या फूलमती भुजवाइन यांच्याकडून शिकले. त्रिपाठीजींनी वाचलं. ते म्हणाले, “तेलीबाग वाली? अरे, हमारी माताजी वहीं से लाई मँगवाती हैं!” आणि कागद तसाच भिंतीवर लावायला दिला. सही कुणी पुसली नाही. माणूस उगीच किती भितो.

मग पाकिटांची एक माळ घेऊन रिद्धीबरोबर भट्टीवर गेले. गर्दी नव्हती. फूलमतीला सगळं सांगितलं, अनुभव से म्हणाले तेही. तिनं कांडी खाल्ली, विचार केला. “नमक ज़्यादा है. खिला अच्छा है.” नावाचं तिला काहीच नव्हतं. म्हणाली, “नाम से दाना खिलता है क्या?” पण कागद भिंतीवर लावलाय असं कळल्यावर तिनं शेजारच्या भाजीवाल्याला मोठ्यानं हाक मारून सांगितलं, “सुनते हो, फैक्टरी में हमारा नाम टँगा है!”

मग तिला मशीन कसं असतं ते ऐकायचं होतं. मी स्क्रू सांगितला, तबकड्या हातावर हात घासून दाखवल्या.

“और आग?”

“आग नहीं है, अम्मा. घिसके ही गरम होता है.”

“धुआँ?”

“धुआँ बी नहीं.”

तिनं कलथा खाली ठेवला. “मतलब तुम लोगों की आँख नहीं जलती दिन भर?” त्यात तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. मी तेव्हा कुठं तिचे डोळे नीट बघितले. लाल, कडा सुजलेल्या, पाणी सारखं गळणारं, आणि ते पुसायची सवयही सुटलेली.

मी उठले. तिच्या भट्टीची लांबी-रुंदी माझ्या वितीनं मोजली, कढईचा घेर मोजला, मागच्या भिंतीची उंची रिद्धीला मोबाइलवर लिहून घ्यायला सांगितली. फूलमती हसत होती, “दर्जिन हो क्या, नाप लेती हो?”

ती मापं माझ्याजवळ आहेत. आमच्याकडं पत्रा वाकवणारं रोलर आहे, वेल्डिंग मला येतं, आणि आण्णांनी पुढची मशीनं बसवायला मलाच धाडायचं ठरवलंय. लखनौकडं जाणाऱ्या कुठल्यातरी ट्रकमध्ये मशीनच्या शेजारी एक धुराडं असेल, माझ्या हातचं, आणि ते फूलमतीच्या भिंतीवर मी स्वतः बसवीन. कधी जमेल सांगता येत नाही. पण बसवीन.